कस्तुराबाईच्या पिशवीचा पहिला नंबर

मुकुंदवाडीत कस्तुराबाईएवढी विमानं दुसऱ्या कुणी पाहिली नसतील. पण सगळी खालून.

चिकलठाण्याच्या विमानतळाच्या भिंतीलगत तिनं आणि तिच्या नवऱ्यानं, बिरूनं, अर्धा जन्म मेंढरं चारली. विमान डोक्यावरून घरघरत गेलं की सुरुवातीला मेंढरं दचकायची. पुढं मेंढरांना सवय झाली, बिरूला मात्र शेवटपर्यंत झाली नाही. तो दर वेळी खाली वाकायचा, जणू चाकं त्याच्याच पागोट्याला लागणार होती. मग हळूहळू भिंतीबाहेरच्या गवताचे प्लॉट झाले, प्लॉटांवर मंगल कार्यालयं झाली, आणि दुष्काळानं उरलीसुरली कुरणंही चाटून नेली. शेवटची मेंढरं विकली तेव्हा बिरूनं त्यांची लोकर तेवढी कातरून ठेवली. तिची एक घोंगडी विणून घेतली आणि चितेगावच्या एका कारखान्यावर वॉचमन म्हणून खुर्चीत जाऊन बसला.

ती घोंगडी लेकीच्या लेकरासाठी होती. यांच्या घरात जन्मलेलं लेकरू आधी घोंगडीवर टेकवतात, मग पाळणा. लेक सुकेशनी नर्स होऊन आयर्लंडला गेली, जावई अंगद तिथंच नोकरीला. पहिल्या खेपेला दिवस भरत आले असताना लेकरू पोटातच गेलं. फोनवर सुकेशनी नुसती "आई, आई" करत होती आणि इकडं कस्तुराबाई फोन घट्ट धरून उभी होती, जसा काही फोन सोडला तर पोरगी पडंल. घोंगडी पेटीतच राहिली.

म्हणून एकोणीस सालच्या उन्हाळ्यात सुकेशनीला पुन्हा नववा लागला, तेव्हा कस्तुराबाईनं जाहीर केलं, "ह्या टायमाला मी जवळ असणार. विमान काय, गाढवावर बसून जाईन."

बिरू म्हणाला, "गाढवावरच जा. ते पडलं तरी हातभरच पडतं."

आता तिला विमानाचं शिक्षण कोण देणार? गल्लीत त्या विषयाचे एकच प्राध्यापक, समोरच्या दुमजली घरातले मुकुंदराव. बँकेतून निवृत्त झालेले. लेकाकडे, शंतनूकडे, अमेरिकेला एकदा जाऊन आले होते. गल्लीतली टारगट मंडळी म्हणत, मुकुंदराव गेले एकदाच, पण परत मात्र रोज येतात. वांग्याचा भाव विचारा, गाडी तीन वाक्यांत विमानतळावर उतरायची.

त्यांच्या घरी रीतसर वर्ग भरला. स्वयंपाकघराची चौकट म्हणजे तपासणीची कमान. कस्तुराबाई तिच्यातून हात वर करून इकडून तिकडं जायची आणि मुकुंदरावांच्या बायकोनं, कालिंदीकाकूंनी, पोळीचं लाटणं तिच्या अंगावरून फिरवायचं. बिरू दारात बसून बघायचा.

"सायेब, हिला नेमकं पाठवायलाय का पकडून द्यायलाय?"

मुकुंदरावांनी लक्ष दिलं नाही. "कस्तुराबाई, एक गोष्ट पक्की गाठ मारून ठेवा. पासपोर्ट कमरेला, आणि पिशवी बेवारस सोडायची नाही. पिशवी बेवारस दिसली की पोलीस येतात, कुत्रं येतं, सगळा गोंधळ!"

"सोडीन कामून, सायेब? लेकराची घोंगडी हाय तिच्यात. जीव सोडीन, पिशवी नाय सोडायची."

हे तिनं खरंच मनापासून सांगितलं होतं. आणि तिच्या हिशेबानं तिनं ती सोडलीही नाही. ते कळायला मात्र मुकुंदवाडीची पाण्याची रांग माहीत पाहिजे.

त्या उन्हाळ्यात टँकर कधी येईल हे टँकरवाल्यालाही ठाऊक नसायचं. मग बायका काय करायच्या, तर सकाळीच हंडे रांगेत लावून कामाला जायच्या. हंडा उभा म्हणजे बाई उभी. हंड्याच्या पुढं घुसणं म्हणजे माणसाच्या पुढं घुसणं, आणि दुसऱ्याचा हंडा सरकवणं म्हणजे तर दरोडा. गल्लीतल्या नानासाहेबांची सून माहेरी चार दिवस राहून आली तरी तिचा हंडा आपल्या जागेवर होता म्हणतात. खरंखोटं तो हंडाच जाणे. कस्तुराबाईचा हंडा बहुतेक वेळा पहिल्या नंबरला असायचा. शेजारची आशाबाई म्हणायची, "हिनं टँकरवाल्याला राखी बांधलीय जणू."

तर निघाली बाई. कमरेला कालिंदीकाकूंनी शिवलेला कसा, त्यात पासपोर्ट. हातात निळी चौकोनी पिशवी, तिच्यात घोंगडी, डिंकाचे लाडू आणि शेंगदाण्याची चटणी.

विमान चिकलठाण्याहूनच वर उठलं. कस्तुराबाईनं डोळे मिटले होते, पण भिंत आठवली आणि ते आपोआप उघडले. खाली तीच भिंत. ती मेंढरं जिथं बसवायची तिथं पत्र्यांची छपरं चकाकत होती. शहर कुठं संपतं ते दिसतच नव्हतं. भिंतीच्या कोपऱ्यावर एक टीचभर माणूस उभा होता. बिरूच असेल असं तिनं ठरवून टाकलं. पुढं फोनवर कळलं, तोच होता. या खेपेला तो वाकला नव्हता म्हणे.

मुंबईहून दुसऱ्या विमानानं ती आखातातल्या एका अवाढव्य विमानतळावर उतरली. तिथं विमान बदलायचं होतं. मुकुंदरावांनी सांगितलं होतं, "गर्दी बघून घाबरू नका." पण घाबरायला सुद्धा थोडी जागा लागते! जिकडं बघावं तिकडं माणसं. काळी, गोरी, पांढऱ्या पायघोळ अंगरख्यातली, अर्ध्या चड्डीतली. एक अख्खं कुटुंब चटईवर घोरत होतं आणि शेजारून एक बाई पेटी ओढत अशी धावत होती, जसा काही तिचा टँकर सुटला. जमीन आपोआप पुढं सरकत होती. कस्तुराबाई तिच्यावर चढली, बावरली, मग तिला मजा वाटली. पाय न उचलता रान ओलांडायचं! मेंढरांच्या टायमाला हे असतं तर?

निळ्या गणवेशातल्या एका माणसाला तिनं तिकीट दाखवलं. त्यानं तिला थेट गेटापाशी नेऊन सोडलं. गेट बंद, टेबलामागं कुणी नाही, समोर फक्त दोऱ्या लावून आखलेली रिकामी रांग.

रिकामी रांग! एवढ्या मोठ्या गावात, एवढ्या माणसांत, पहिला नंबर मोकळा! कस्तुराबाईचं काळीज सुपाएवढं झालं. पण तहानही लागली होती आणि दुसरंही निकडीचं काम होतं. मग तिनं तेच केलं जे जन्मभर केलं होतं. निळी पिशवी दोरीच्या तोंडाशी, टेबलाला अगदी नाक लावून ठेवली, बंद नीट आवळले, आणि रिकामी बाटली घेऊन निवांत मनानं पाण्याकडं गेली.

लगेच परतली असती तर कदाचित कुणाच्या ध्यानातही आलं नसतं. पण घात नळानं केला.

त्या नळाला चावीच नव्हती. हात खाली धरला की पाणी. तिनं हात धुतले, पाणी प्यायली, बाटली भरली आणि सवयीनं नळ बंद करायला हात पुढं केला. पाणी पुन्हा सुरू. तिनं तोटी पिळली, पाणी आणखी जोरात. मागं सरली तर थांबलं, पण एक थेंब लोंबकळत होता. तो पुसायला गेली तर पुन्हा धार! मुकुंदवाडीची बाई, पंधरा-पंधरा दिवस नळाचं तोंड न बघणारी, तिनं वाहता नळ तसाच टाकून जायचं? तिनं वाया जाणारं पाणी ओंजळीत धरलं आणि तोंडावर मारलं, मानेवर मारलं, पायांवर घेतलं. शेवटी एक गोरी म्हातारी हसत आली, कस्तुराबाईचे दोन्ही हात धरून तिला चार पावलं मागं घेतलं. नळ मुकाट्यानं थांबला.

"मेलं, माणूस बघून चेकाळतंय," कस्तुराबाई म्हणाली आणि गेटाकडं वळली.

गेटापाशी आता मोठी गर्दी होती, पण सगळी लांब. मधे मोकळं रिंगण, कडेनं पिवळी पट्टी, आणि रिंगणाच्या मधोमध तिची निळी पिशवी. एकटी. देवासारखी.

कस्तुराबाईचा ऊर भरून आला. "काय शिस्तीची माणसं! आपल्या म्होरं एक बी गेला नाय."

ती ऐटीत पट्टीखालून आत शिरली. शिट्या वाजल्या. दोन आडदांड शिपाई धावले आणि एक तांबूस कुत्रं. कुत्र्यानं पिशवी हुंगली, चटणीपाशी एक सणसणीत शिंक दिली, घोंगडीच्या बाजूला आलं आणि तिथंच चिकटून बसलं. मेंढराचा वास लागला होता त्याला. हटेचना. ते हटेना म्हणून शिपाई आणखी घाबरले. गर्दी आणखी मागं सरली.

मग एक चाळिशीची, बुटकी, गोल चेहऱ्याची शिपाईबाई पुढं आली. नेपाळची. तिला हिंदी येत होती.

"अम्मा, ये बॅग किस का?"

"मेराच है. कायकू?"

"छोड के कहाँ गया?"

"छोडी कां? नंबर लगाई मैं!" कस्तुराबाई तडकली. "पयला नंबर मेराच है. टँकर आने के पैले हंडा रखते नई क्या? वैसाच. हंडा खडा तो मैं खडी."

शिपाईबाई तिच्याकडं बघतच राहिली. मग तिनं तोंडावर हात दाबला, पण हसू बोटांच्या फटींतून फुटलंच. "धारा पे," ती म्हणाली, "हमारे उधर, पानी के धारा पे, गाग्री रखते हैं लाइन में. मेरी आमा भी रखती थी. सुबह चार बजे!"

"फिर? तुझेच मालूम है ना!" कस्तुराबाईनं विजयी मुद्रेनं बाकीच्या शिपायांकडं पाहिलं.

शिपाईबाईनं साहेबाला इंग्रजीत सगळं समजावलं. हंडा, रांग, पाणी, हातवाऱ्यांसकट. साहेब हसला नाही. नियम तो नियम. पिशवी आत नेऊन सगळी उलगडून तपासणार, त्याला वेळ लागणार. आणि तोवर गेट उघडलं होतं. लोक दुसऱ्या बाजूनं विमानात चालले होते.

"अम्मा, फ्लाइट जा रहा है," शिपाईबाई हळू आवाजात म्हणाली. "बॅग के लिए रुकेगा तो ये फ्लाइट गया. दूसरा कल."

कस्तुराबाईनं पिशवीकडं पाहिलं. शेवटच्या मेंढरांची लोकर होती ती. लेकराला पहिली जमीन. तिच्याशिवाय जायचं म्हणजे रिकाम्या हातानं जायचं. आणि थांबायचं म्हणजे? उद्यापर्यंत काय होईल कुणी सांगावं. तिला तो फोन आठवला, "आई, आई" म्हणणारा. त्या वेळीही घोंगडी होतीच की, पेटीत. नव्हती ती आई.

तिनं शिपाईबाईचं मनगट धरलं. "देख बाई, मैं जाती. मेरी पिशवी का नंबर तू धर. धरेगी ना?"

"धरेगा, अम्मा. भागो!"

कस्तुराबाई पळाली. शेवटचा माणूस आत जाऊन दार लागतच होतं. त्या फटीतून ती आत शिरली, पदर सांभाळत, हातात फक्त पाण्याची बाटली, तीही काठोकाठ भरलेली.

सुकेशनीला कळा सुरू झाल्या त्या आई पोचल्याच्या दुसऱ्याच सकाळी, सांगितलेल्या तारखेच्या बऱ्याच आधी. दवाखान्यातल्या बायकांनी आईला खोलीत येऊ दिलं. कस्तुराबाईला त्यांचं एक अक्षर कळत नव्हतं, त्यांना तिचं कळत नव्हतं, आणि तरी सगळं सुरळीत झालं, कारण ती एकच गोष्ट करत होती, लेकीचा हात धरून उभी होती. पोरगी झाली. दणदणीत आवाजाची. घोंगडी नव्हती, मग कस्तुराबाईनं आपला पदर पसरला आणि नात त्याच्यावर टेकवली.

"आई, घोंगडी?" सुकेशनीनं विचारलं.

"रांगेत हाय. येईल नंबर लागला की."

आणि आली! काही दिवसांनी अंगद विमानतळावरून निळी पिशवी घेऊन आला. लाडू जसेच्या तसे, चटणी थोडी कमी. कुत्र्यानं खाल्ली की साहेबानं, यावर गल्लीत अजून दोन पक्ष आहेत. बंदाला एक चिकटपट्टी गुंडाळलेली, तिच्यावर आपल्याच लिपीतली मोठी अक्षरं. सुकेशनीनं वाचून दाखवली, "पहिलो नम्बर."

नातीचा घोंगडीवरचा फोटो फोनवर आला तेव्हा बिरूनं तो आख्ख्या गल्लीला दाखवला, कालिंदीकाकूंना दोनदा. काकू त्या महिन्यात रोज आपल्या हंड्याशेजारी कस्तुराबाईचाही हंडा लावत होत्या, बिरूच्या पाण्यासाठी. मुकुंदराव फोटो बघून एवढंच म्हणाले, "मी बजावलं होतं पिशवी सोडू नका म्हणून!" पण त्यांच्या अमेरिकेला त्या दिवसापासून कुणी विचारीना, तेही खरं.

कस्तुराबाई परतली आणि थोड्याच दिवसांत बिरूनं डोकं खाजवत विषय काढला. "मी बी बघून येईन म्हणतो पोरीला. तू विमानात बसली, तुला काय झालं?"

म्हणून दोघं शहरातल्या छावणी भागात पासपोर्टच्या कचेरीत गेली. ऊन चढलेलं, बाहेर लांबलचक रांग. कस्तुराबाई सावली बघून येते तर बिरू गायब. रांगेत फक्त त्याच्या चपला.

तिनं चहूकडं नजर फिरवली. बिरू पलीकडं टपरीवर निवांत चहा पीत होता.

"उचला आधी त्या चपला! बेवारस दिसल्या की कुत्रं आणत्यात!"

बिरूनं बशीतला चहा फुंकला आणि हनुवटीनं रांगेकडं दाखवलं. त्याच्या चपलांच्या मागं एक हेल्मेट होतं, त्यामागं दगड ठेवलेलं वर्तमानपत्र, मग जेवणाचा डबा, मग कुणाची तरी छत्री. माणसं सगळी लिंबाखाली गप्पा मारत होती. आणि छत्रीच्या मागं, पाय ताणून, छावणीतलं एक पांढरं कुत्रं झोपलं होतं.

"आणायचं काय त्येला," बिरू म्हणाला. "ते बी नंबर लावूनच बसलंय."