एका बुटाचे बाबा

अर्धे वाटाणे सोलून झाले होते, अर्धे अजून शेंगांतच होते, तेवढ्यात धाकट्या जाऊचा फोन आला. "वहिनी, हातातलं ठेवा आणि वर्गात या. पालक आलेत, अर्धे अनवाणी!"

माझी ही जाऊ अकरा वर्षं बालवर्गाची ताई आहे. तिच्यापायी घरातलं एक झाकण, एक बटण फेकायची सोय नाही. माझी डाळ नि राजमा एकत्र करून ती वर्गात नेते आणि मुलांकडून वेगवेगळं करून परत आणते. आमच्या धाकट्याला आंघोळीच्या मगानं पाणी मोजायला तिनंच शिकवलं. तेव्हापासून त्याची आंघोळ तासभर चालते. पण मागच्या आठवड्यात मुख्याध्यापिकाबाईंनी बजावलं होतं: आणखी एक तक्रार आली, की खेळाचा तास बंद आणि सोमवारपासून नुसती अक्षरं गिरवायची. तेव्हापासून बिचारीला घास गोड लागत नव्हता.

आणि केलं काय, तर काल सुटता सुटता मुलांना तोंडीच सांगितलं, "उद्या जोड्या लावायच्या खेळाला घरून बूट-चपलांची जुनी अशी एक जोडी आणा." पालकांच्या वहीत चिठ्ठी लिहायची राहूनच गेली. चार वर्षांच्या पोरांनी त्यातलं 'एक' तेवढं लक्षात ठेवलं.

मी पोचले तर वर्गाच्या मधोमध बूट-चपलांचा ढीग आणि दारात पाच-सहा पालक. सगळ्यांत पुढे बँकेतले कारकून, उजव्या पायात बूट, डाव्यात स्लिपर. "मुलगा लिहायला कधी लागणार?" असं दर आठवड्याला विचारणारे ते हेच. मागे मुख्याध्यापिकाबाई, हाताची घडी घालून. मी मनातल्या मनात देवाचा धावा सुरू केला.

"ताई, माझा बूट द्या. या अवतारात बँकेत जाऊ का?"

"मी नाही देणार," जाऊ म्हणाली. "तुमचा मुलगा देईल. बसा."

सगळे मुलांच्या वीतभर उंचीच्या खुर्च्यांवर बसले, गुडघे हनुवटीला. कारकुनांच्या मुलानं एक काळा बूट बाबांच्या पायाशी लावून पाहिला. बोटभर लांब निघाला. दुसरा आखूड. तिसरा मापाचा, पण त्यानं तोही बाजूला टाकला. "बाबा, तुमचा इकडं वळतो. मला तिकडं वळणारा पाहिजे." चौथा बरोबर बसला.

"डावं-उजवं कुणी शिकवलं रे तुला?" कारकुनांनी विचारलं.

"कुणी नाही. आम्ही खेळतो."

कारकून नाडी बांधायला वाकले ते बराच वेळ वर आलेच नाहीत. मग मुख्याध्यापिकाबाईंना म्हणाले, "माझी तक्रार नाही हो. फक्त आधी कळवा, म्हणजे जुना बूट देऊ."

"खेळाचा तास राहू द्या," बाई जाऊला म्हणाल्या. "पण चिठ्ठी एक दिवस आधी, आणि ती मला दाखवून."

जाऊनं माझा हात असा दाबला, की बोटं कळवळली. देवानंच सांभाळलं.

ढिगात शेवटी एकच चप्पल उरली, शाळेच्या माळ्याच्या नातीनं आणलेली, तिच्या आजीची. ती पोचवायला जाऊ आत्ता माळ्याच्या घरी निघाली आहे.