दगड माझे, माती तुझी

माझ्या साडूला घासाघीस करता येत नाही, आणि तरीही त्याला सगळं मिळतं. ही तक्रार मी बायकोजवळ इतक्यांदा केली आहे, की आता वाक्य सुरू झालं की ती चहा टाकायला उठते.

मी विहिरी खोदण्याची कामं घेतो. सुरुवातीला सुरुंगाची भोकं पाडणाऱ्या टोळीत मजूर होतो. आज देवळाली प्रवरेत माझ्या दारात माझ्याच क्रेन उभ्या असतात. आमच्याकडच्या काळ्या खडकात पोकळ्या लागतात आणि त्यांत गारगोट्या निघतात, कधी पांढऱ्या सुयांचे गुच्छ, कधी हिरवट काचेसारखे खडे. बाहेरदेशची माणसं त्या विकत घेऊन हौसेनं कपाटात मांडतात. म्हणून विहिरीचा सौदा करताना मी मजुरीत थोडी सूट देतो आणि निघणाऱ्या दगडांवर हक्क ठेवतो.

साडू म्हणजे माझ्या धाकट्या मेहुणीचा नवरा. त्याची जमीन पारनेर तालुक्यात, राळेगणच्या पलीकडे. त्याची विहीर मीच खोदली. बांधावर बसून बोलणी झाली, तेव्हा मी आवाज चढवूनच बोललो. नात्यातल्या माणसाशी व्यवहार करताना तो चढवावाच लागतो.

"विहिरीतून निघंल त्यो दगड माझा. बारीक असो, मोठा असो."

"बरं," तो म्हणाला. "आन् माती?"

"माती तुझी. डोक्यावर घेऊन नाच."

विहिरीला पाणी लागलं. गारगोट्या निघाल्या त्या सगळ्या फुटक्या. मध्येच, दोन खडकांच्या सांध्यात, राखाडी चिकणमातीचा एक थर आला. ढासळणारा थर म्हणजे खाली उतरलेल्या माणसांच्या जिवाशी खेळ. शिव्या देत आम्ही तो कोरून काढला, त्या जागी सिमेंटचं कडं ओतलं आणि माती साडूच्या गोठ्यामागं टाकली.

पुढं विद्यापीठातल्या एक बाई खडक बघत त्या बाजूला फिरत होत्या. प्यायला पाणी मागायला म्हणून त्या गोठ्याशी आल्या आणि ढिगापाशीच थबकल्या. साडूनं काय करावं? काय देता, किती देता, काही विचारलं नाही. पोती भरून दिली, गाडीपर्यंत उचलून नेली, वर ताक पाजलं.

बाईंनी ती माती वाळवली, भिजवली, बारीक चाळण्यांतून धुतली. उरलेला चुरा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून ओल्या कुंचल्यानं एकेक कण वेचला. माशांचे खवले निघाले, बेडकांची हाडं निघाली, आणि राजगिऱ्याच्या दाण्याएवढी एक दाढ निघाली. डायनासोर जिवंत होते त्या काळातल्या, चिचुंद्रीएवढ्या सस्तन प्राण्याची. ज्वालामुखीचा एक रस थिजला, त्यावर तळं साचलं, तळ्याच्या गाळात हे सगळं पुरलं गेलं, आणि वरून दुसरा रस आला. त्या दोन रसांच्या मधला गाळ मी शिव्या देऊन बाहेर काढला होता.

पेपरात फोटो आला तो साडूचा. गोठ्यामागं, ढिगावर हात ठेवून, जणू दाढ त्याच्याच तोंडातून पडली होती. बायकोनं तो फोटो माहेरच्या ग्रुपवर टाकला. माझी पहिली क्रेन आली तेव्हा मी तिच्याशेजारी उभा राहून फोटो काढला होता. तो अजून माझ्याच मोबाईलमध्ये आहे. आयुष्यभर मी खडकाच्या पोटात उतरलो. हा माणूस नुसता गोठ्यामागं उभा राहिला. त्या रात्री जेवण गेलं नाही.

अधिक महिन्यात कोल्हारला सासऱ्यांकडं धोंड्याचं जेवण होतं. थोरला जावई म्हणून पहिला पाट माझा. इतकी वर्षं तसंच चालत आलं होतं. साडू त्या दिवशी बाईंना बरोबर घेऊन आला. त्या सकाळी त्याच्या शेतावर आल्या होत्या, त्यांना उपाशी कसं पाठवायचं, म्हणून. सासूबाईंनी पहिला पाट बाईंना दिला, ते ठीक. दुसरा साडूला दिला.

"त्यांचं दोघांचं बोलणं असतंय हो," मला म्हणाल्या. मी दाराजवळ बसलो.

बाईंच्या मोबाईलवरचा दाढेचा फोटो हातोहात फिरला. मोठा केल्यावर तो तीन शिखरांचा डोंगर दिसत होता, मधे खिंड. साडू सासऱ्यांना समजावत होता, "मामा, ह्या खळग्यात वरच्या दाढंचा उंचवटा बसायचा. किडं खायचं असंल बारकं."

मला राहवेना. "बाई, ही दाढ आता दाढ आहे, की दगड?"

"बराचसा दगडच झालाय म्हणा."

"मग मिटलं. दगड माझे, माती त्याची, असा आमचा सौदा आहे. विचारा त्याला."

साडूनं मान हलवली. "व्हय. ठरलं हुतं तसं."

तेवढ्यात मेहुणी वाढायला आली. "दाजी, दगड तुमचे ना? मग हे धोंडे बी तुमचेच. घ्या, लाजू नका." आणि परातीतले पुरणाचे धोंडे तिनं माझ्या ताटात रचले. पंगत हसली. माझी बायको सगळ्यांत मोठ्यानं हसली.

बाई मात्र हसल्या नव्हत्या. "दाढ तुमची नाही आणि यांचीही नाही, ती संग्रहालयात राहील. पण विहीर तुम्ही खोदली? मग माती कुठल्या थरातली ते तुम्हालाच माहीत असणार. आता तिथं सिमेंट आहे. नुसत्या ढिगावर कुणी विश्वास ठेवत नाही. माती बाहेरून आणून टाकली असेल म्हणतील, आणि हा शोध तिथंच संपेल."

मी धोंडा सावकाश मोडला. त्यावर तूप वाढून घेतलं. साडूचा चेहरा उतरलेला मी पहिल्यांदा पाहत होतो, आणि मला तो बघत राहावासा वाटला.

"साडूभाऊ, सांगा की," तो म्हणाला.

"सांगीन. आधी माझं ठरू द्या. हे जिथं कुठं छापून येईल तिथं माझं नाव पाहिजे. आणि याच्या आधी."

पुढची सगळी बोलणी माझ्या डोक्यात तयार होती. तो नाही म्हणणार, मी ताटावरून उठणार, सासूबाई दारापर्यंत मागं येणार, शेवटी मी थोडं खाली उतरणार.

"आधी काय, माझं नसलं तरी चालतंय," साडू म्हणाला. "बाई, त्यांचंच घाला. जीव धोक्यात घालून त्यांनी खोदली. मी काय, नुसती पोती उचलली. पर आता सांगा साडूभाऊ, ती दाढ खोटी पडाया नको."

सासऱ्यांनी त्याच्याकडं असं पाहिलं, जसं त्यांनी माझ्याकडं कधीच पाहिलं नाही.

मी सांगितलं. सात परस खोलीवर, वर अखंड काळा खडक, खाली जाळीदार, आणि मातीत पांढरे बारके शंख. बाई भरभर टिपून घेत होत्या. मला हवं ते मिळालं होतं आणि मी दाराजवळच बसलेलो होतो.

दुसऱ्या दिवशी मीच विहिरीत उतरलो. दुसऱ्या कुणाला ते कडं फोडू देणार नव्हतो. सिमेंट सुटलं आणि मागं राखाडी थर ओला चमकला, शंखांसकट. बाईंसाठी एक ढेकूळ कापून पाटीत ठेवलं. वर काठावर साडू दोर धरून वाकला होता.

"सापडलं का, साडूभाऊ?"

"सापडलं! आणि ऐक, माणसानं कधीतरी न्हाई म्हणावं!" मी खालून ओरडलो. "समोरच्याला भांडू द्यावं जरा!"

विहिरीत माझाच आवाज घुमला. मग वरून उत्तर आलं.

"बरं."