मूळसंख्येसाठी उभ्या राहिलेल्या बाई

विमलबाई टकले यांची माझी पहिली ओळख आष्टीच्या शाळेत, नववीच्या वर्गात झाली. आल्या आल्या त्यांनी फळ्यावर ५८८२३५३ ही संख्या लिहिली. "हिचे दोन तुकडे करा, ५८८ आणि २३५३. दोघांचे वर्ग करून बेरीज घ्या." घेतली, तर तीच संख्या परत आली! शिवाय ती मूळसंख्या आहे, एक आणि स्वतःखेरीज कशानेच तिला भाग जात नाही, असे बाई म्हणाल्या. "पण माझ्यावर विसंबू नका. तपासा."

त्यासाठी २४२५ पर्यंतच्या, म्हणजे तिच्या वर्गमुळापर्यंतच्या, प्रत्येक मूळसंख्येने भागून पाहायचे होते. आम्ही अकरा मुलींनी ते साडेतीनशेहून अधिक भागाकार वाटून घेतले.

तालुक्याच्या गणित प्रदर्शनात आम्ही या संख्येचा तक्ता लावला, पण परीक्षकांनी आमच्या वह्या बाजूला सारल्या. "खेड्यातल्या पोरींनी हे केलं? उतरवून आणलंय. तक्ता काढा."

बाई तक्त्यापुढे उभ्या राहिल्या. "तक्ता निघणार न्हाई. कोणतीबी मूळसंख्या सांगा, पोरी तुमच्यासमोर भाग देतील."

"१००९."

वहीत तो भागाकार नव्हताच. माझ्या वाट्याचा, माझ्याकडूनच राहिलेला. मला रडू फुटायचे बाकी होते. बाईंनी सगळ्यांदेखत सांगितले, "हा राह्यलाय. चूक आमची. आता करून दाखवतो." मग खडू माझ्या हाती देत हळूच म्हणाल्या, "भाग गेला तर गेला. जल्दी करू नको, बराबर कर."

बाकी ८९२ उरली. भाग गेला नाही!

तरीही बक्षीस दुसऱ्यांनाच मिळाले. बाईंनी तो तक्ता सरळ आठवडी बाजारात नेऊन मांडला. शेळ्या विकायला आलेल्या एका आजींनी सारे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "तोडून बी तीच ऱ्हाती? लई जिद्दीची हाय मंग."

दहावीनंतर वडिलांनी माझे लग्न काढले, तेव्हा बाई घरी आल्या. "पोरगी शिकून राह्यली. मधीच थांबवायची न्हाई."

"बाई, लोक काय म्हणतील?"

"लोकांना माझ्याकडं पाठवा."

कुणीच गेले नाही. आज मी जाफराबादला गणित शिकवते.

बाई आता पंचाहत्तरीत पदार्पण करीत आहेत. त्यांची नजर तीक्ष्ण राहो, गुडघे त्यांना उदंड साथ देवोत. आणि 'हे पोरींचं काम नाही' असे कुणी म्हणताच त्यांचा आवाज शंभरीतही असाच चढत राहो.