पहिला साका

मे महिन्यात अंगावर स्वेटर चढवणारा अख्ख्या नागपुरात एकटा रुपरावच असेल. बाहेर ऊन मी म्हणत होतं, आणि प्रयोगशाळेच्या शीतखोलीत तो कानटोपी घालून काचेचं भांडं सावकाश ढवळत होता. ढवळताना फेस आला तर प्रोटीन मरतं, एवढं त्याला पंचवीस वर्षांत कळलं होतं. गुडघे मात्र आता थंडी सोसत नव्हते.

प्रेमलताबाई संशोधन करायची, रुपराव तिचा मदतनीस. मोड आलेल्या लाखोळी या कडधान्यातून एकच प्रोटीन वेगळं काढायचा तिचा हा तिसरा प्रयत्न. आधीचे दोन वीज गेल्यामुळे वाया गेले. तिला तिच्या मार्गदर्शक सरांनी बोलावलं, म्हणून जाताना तिनं मिठाच्या दोन पुड्या रुपरावकडे दिल्या. एक टाका, ढवळा, यंत्रात फिरवून वेगळं करा. मग दुसरी टाका, पुन्हा तसंच. त्यानं तसंच केलं. पहिल्या खेपेला तळाशी पांढरा साका बसला, तो ठेवला. वरचं पाणी मोरीत ओतलं. साक्यात ताजं द्रावण घालून दुसरी पुडी ढवळली.

दुसऱ्या दिवशी तपासणीत काहीच निघालं नाही. आदल्या दिवशीही तासभर वीज गेली होती. बाईनं वहीत 'वीज' असं लिहिलं आणि डोकं धरून बसली.

"दोन्ही साके तर नीट बसले होते," ती म्हणाली. "पहिला कचऱ्याचा. आपलं प्रोटीन तोवर पाण्यातच असते."

रुपरावला मोरीत ओतलेलं पाणी आठवलं. गप्प राहिलं असतं तर विजेवर निभावलं असतं. पण मग बाई विजेच्याच मागं लागली असती, अन् चौथी खेपही अशीच गेली असती.

"बाई, वीज नाही. ते पहिलं पानी म्या फेकलं."

"काहून जी?"

"दूध फाटलं का पानी फेकून छेना ठेवतो ना घरी. मले वाटलं, तसंच."

तिनं वही पुन्हा पुढ्यात ओढली. रागवायचंही त्राण नसावं. मग तिनं 'वीज' खोडलं आणि खाली लिहिलं, 'काय ठेवायचं ते मी सांगितलंच नव्हतं.'

"लाखोळी भिजवता का, रुपरावजी?"

"भिजवतो," तो म्हणाला, आणि गुडघ्यांवर हात टेकून उठला.