एकोणिसावा रकाना

समजा, तुम्हाला एका घरी बंदुकीचं कपाट तपासायला पाठवलंय. हातात दहा मीटरची टेप, खिशात लोहचुंबक, बगलेत एकोणीस रकान्यांचा फॉर्म. घरमालकाने परवान्यासाठी अर्ज केलाय. कपाट खरंच पोलादी आहे की प्लायवूडला रंग फासलाय, हे चुंबक लावून बघायचं. पत्रा तीन मिलिमीटरचा हवा. भिंतीत चार बोल्ट हवेत आणि ते आतून आवळलेले हवेत. काडतुसांचा डबा वेगळा, त्याचं कुलूप वेगळं, दोन्ही किल्ल्या एका जुडग्यात नकोत. अठरा रकाने असे मोजूनमापून भरायचे. मग येतो एकोणिसावा. ‘घरातील इतर सज्ञान व्यक्तींची हरकत आहे काय?’ इथे टेप चालत नाही, चुंबक चालत नाही, तोंडाने विचारावं लागतं. आता सांगा, तुम्ही कुठे उभं राहून विचाराल? आणि तेव्हा घरमालक कुठे असेल?

ज्यांच्याबद्दल लिहितेय त्यांनी हा प्रश्न चोवीस वर्षं विचारला. परवाना कार्यालयात त्यांना सगळे टेपकाका म्हणतात. नोकरीत येण्याआधी ते लोखंडी कपाटांच्या कारखान्यात पत्रा वाकवायचे. त्यामुळे बोटाच्या पेराने टकटक केली की जाडी सांगतात, आणि अर्ध्या मिलिमीटरच्या वर चुकत नाहीत. ही खोड घरीही सुटत नाही. काकू सांगतात, “मला मागणी घालायला आले तेव्हा आमच्या कपाटावर टकटक करून बाबांना म्हणाले, पत्रा हलका लावलाय. बाबा म्हणाले, माणूस खरं बोलतो, होऊन जाऊ दे.” यावर काका दर वेळी हसायचे. हल्ली हसत नाहीत.

मी या कार्यालयात आले ती वर्षभराच्या कंत्राटावर. जुने कागदी फॉर्म स्कॅन करून संगणकावर चढवायचे, एवढंच काम. एकट्या टेपकाकांचे सहा हजार एकशे बारा फॉर्म होते. त्यांतल्या खुणा वाचणारा प्रोग्राम मी लिहिला, चालवला आणि निकाल बघून कपाळाला हात लावला. एकोणिसाव्या रकान्यात सगळीकडे ‘नाही’. आम्हाला शिकताना एक गोष्ट पक्की सांगितली होती, की एखादं माप कधीच हलत नसेल तर आधी मापायचं यंत्र तपासा. म्हणून दोन दिवस मी माझ्याच कोडमधली चूक शोधत बसले. सापडेना, तेव्हा काकांच्या टेबलाशी गेले.

“काका, एकोणिसावा रकाना नीट वाचला जात नाहीये. सगळीकडे ‘नाही’च येतंय.”

“मग बरोबर वाचतोय तुमचा डबा.”

“चोवीस वर्षांत एकही हरकत नाही?”

“इंजिनीअरबाई, मी पायरी चढलो की घरातली भांडणं मागच्या दाराने पळतात.” काकांची छाती दोन इंच फुगली. “एका घरी म्हातारी आई म्हणाली, मला बाई त्या नळीची भीती वाटते. मुलगा म्हणाला, आई, तुला तर मिक्सरचीपण भीती वाटते. असे हसलो आम्ही! शेवटी म्हातारीसुद्धा हसली.”

“मग काय लिहिलंत?”

“काय लिहिणार? नाही.”

मीही हसले. हे इथे लिहून ठेवायला हवं.

त्याच सुमारास बंदुकीच्या कायद्यात बदल करायची चर्चा सुरू झाली. नव्या कलमानुसार घरातल्या प्रत्येक सज्ञान माणसाला अर्जदाराच्या माघारी, वेगळं गाठून विचारायचं होतं. चहाच्या टपरीवर, न्हाव्याच्या खुर्चीत, सगळीकडे तोच वाद. आमच्या समोरचा घड्याळवाला, ज्याचं दुकान एकदा भरदिवसा लुटलं गेलं, तो म्हणायचा, “पोलीस येईस्तोवर मी काय झाडू घेऊन उभा राहू? आता बायकोच्या परवानगीचा कागदपण आणू?” माझी मोठी बहीण इस्पितळात परिचारिका आहे. तिचं एकच म्हणणं, की जखमी होऊन येतात त्यांतल्या बऱ्याच जणांना गोळी मारणारा नात्यातलाच असतो. दोघांपैकी खोटं कोणीच बोलत नव्हतं.

साहेबांना सुनावणीसाठी आकडे हवे होते. मी रंगीत तक्ता करून दिला. तपासलेली घरं ६११२, हरकती ०. माप न हलण्याबद्दलची शंका तोवर मी गुंडाळून ठेवली होती, कारण साहेब खूश होते आणि माझं कंत्राट वाढायचं होतं. तो तक्ता नेमबाजी मंडळाच्या सचिवांच्या हाती लागला. “सहा हजार घरं आणि एकही हरकत नाही! मग हे कलम कोणासाठी?” असं ते म्हणाले आणि पेपरात छापून आलं, टेपकाकांच्या फोटोसकट. काकांनी कात्रण टेबलाच्या काचेखाली सरकवलं. साहेबांनी सुनावणीत बोलायलाही त्यांचंच नाव दिलं.

सुनावणीला आठ दिवस असताना एक बाई खिडकीशी आल्या. चाळिशीच्या, खांद्याला वह्यांनी भरलेली पिशवी, हातात तोच पेपर.

“हे तुम्हीच ना?”

“हो, हो. या ना ताई, आत येऊन बसा.” काकांना वाटलं, कौतुक करायला आल्यात.

“या सहा हजारांत मी आहे,” त्या बसत म्हणाल्या. “दोन वर्षांपूर्वी तुम्ही आमच्याकडे आला होतात. कपाट अजून जागचं हललेलं नाही.”

“हलणार कसं? दहा मिलिमीटरचे बोल्ट आहेत.”

“मग तुम्ही जेवणाच्या टेबलाशी बसलात. हे माझ्या मागे, खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभे होते. चहाचा घोट घेत तुम्ही विचारलंत, वहिनी, तुमची काही हरकत?”

“आणि तुम्ही नाही म्हणालात.” काकांचा आवाज अजून हसरा होता.

“मी पहिलीला शिकवते. मुलांच्या समोर बसून वह्या बघायच्या, म्हणून उलटं वाचायची सवय आहे मला. फॉर्मचं तोंड तुमच्याकडे होतं. एकोणिसाव्या रकान्यात ‘नाही’वर खूण आधीच केलेली होती. मी अजून तोंडही उघडलं नव्हतं.”

काकांचे कान लाल झाले. माझेही झाले असतील, कारण ते मला ठाऊक होतं. रोज सकाळी निघण्याआधी काका त्या दिवसाचे फॉर्म पुढ्यात घ्यायचे आणि तारीख, स्वतःचं नाव, हुद्दा भरून, त्याच दमात एकोणिसाव्यात खूण करायचे. कार्यालयातलं पेन छान चालतं, लोकांच्या घरी नीट टेकायला मिळत नाही, आणि उत्तर तर ठरलेलंच. कित्येकदा मी शेजारी बसून हे पाहिलं होतं. कोडमध्ये दोन दिवस चूक शोधणारी मी, पण माझी तिथे नजर गेली नाही.

बाई शांतपणे सांगत होत्या. “त्यांनी मला कधी हात लावलेला नाही. गोळीही कधी झाडली नाही. आमचं काही बिनसलं की ते कपाट उघडतात, टेबलावर फडकं अंथरतात, त्यावर बंदूक ठेवतात आणि पुसत बसतात. शब्द बोलत नाहीत. मग मीच गप्प होते. पुसायला कायद्याची मनाई नाही ना?”

“नाही.”

“तो रकाना बदलता येईल?”

काकांनी काचेखालच्या कात्रणाकडे बघत नियम सांगितला. “नूतनीकरणाच्या वेळी. म्हणजे तीन वर्षांनी. त्याआधी हवं असेल तर लेखी तक्रार करावी लागते. तिची एक प्रत परवानाधारकाला जाते.”

“कुठल्या पत्त्यावर?”

“घरच्या.”

बाई हसल्या. रागाने हसल्या असत्या तर बरं झालं असतं. मूल सोपी बेरीज चुकल्यावर शिक्षक जसे हसतात तशा हसल्या. “येते,” म्हणाल्या आणि पिशवी उचलून गेल्या.

काकांनी कात्रणावर जाडजूड रजिस्टर ठेवलं. मग म्हणाले, “मी सुनावणीत सांगणार. हा आकडा माझ्या पेनाचा आहे, लोकांचा नाही, असं सरळ सांगणार. निवृत्तीला आठ महिने राहिलेत, काय वाकडं करतील माझं?” त्यांनी ते एका कागदावर लिहूनही काढलं, सहा ओळी. मला वाचून दाखवल्या. आवाज चांगला लागला होता.

सुनावणी सकाळी नगरसभागृहात होती. एका बाजूला मंडळाचे लोक छातीला बिल्ले लावून, दुसऱ्या बाजूला पांढरे फलक घेतलेल्या बायका. पडद्यावर माझा तक्ता. चौथ्या रांगेत त्या शिक्षिका होत्या, आणि त्यांच्या शेजारी बिल्ला लावलेला त्यांचा नवरा.

काका उभे राहिले. खिशातून कागद काढला, चष्मा लावला आणि समोर पाहिलं.

अध्यक्षांनी विचारलं, “आपल्या तपासणीत आजवर किती हरकती आल्या?”

“एकही नाही.”

“हा प्रश्न घरात नेमका कसा विचारला जातो?”

काकांनी कागदाची घडी उघडली. सहा ओळी होत्या, फक्त वाचायच्या होत्या.

“नियमाप्रमाणे,” काका म्हणाले.

टाळ्यांचा कडकडाट झाला. शिक्षिकेच्या नवऱ्याने मनापासून टाळ्या वाजवल्या आणि मग हात त्यांच्या खुर्चीच्या पाठीवर ठेवला. त्या काकांकडे बघत होत्या. काका बसले ते शेवटपर्यंत बुटांकडे बघत.

बाहेर पायऱ्यांवर ते मला म्हणाले, “तिच्यासाठीच गप्प बसलो. बोललो असतो तर त्याच्या लक्षात आलं असतं.”

“काका, त्या सहा ओळींत तिचं नाव कुठे होतं?”

ते खाली बसले, पायरीवरच. “नव्हतं,” म्हणाले. मग, “टाळ्या पडल्या ना, तेव्हा क्षणभर बरं वाटलं गं मला. त्याची लाज वाटते. बाकीचं राहू दे.” त्याआधी त्यांनी मला कधी ‘गं’ म्हटलं नव्हतं.

ते कलम बारगळलं. त्याला बरीच कारणं होती. पण समितीच्या अहवालात सातव्या पानावर माझा तक्ता आहे, खाली माझ्या नावाची आद्याक्षरंही.

दुसऱ्या दिवसापासून काकांनी सकाळी फॉर्म भरणं सोडलं. महिन्याभराने एका तपासणीला मी त्यांच्याबरोबर गेले. अर्जदार दणकट गडी, तोंडाची टकळी सुरूच. काकांनी टेपचं टोक त्याच्या हातात दिलं. “हे कपाटाच्या या कोपऱ्याला दाबून धरा. सोडलंत की माप गेलं, मग मला उद्या परत यावं लागेल.” तो बिचारा भिंतीला नाक लावून टोक धरून उभा. काका टेप उलगडत दारातून बाहेर, बोळातून पुढे, थेट स्वयंपाकघरात. पिवळी पट्टी घरभर ताणलेली. पलीकडून त्याने विचारलं, “झालं का हो?” काका ओरडले, “धरा, धरा! सांगतो!” आणि ओट्याशी उभ्या असलेल्या त्याच्या बायकोसमोर फॉर्म धरून हलक्या आवाजात म्हणाले, “ताई, हे बघा, कोरा आहे. तुम्हाला नको असेल तर फक्त मान हलवा. तुमचं नाव येणार नाही. मी कपाटात खोट काढीन.”

तिने मान हलवली.

काका परत आले, कपाटावर टकटक केली आणि म्हणाले, “पत्रा अडीचचा आहे. चालणार नाही.”

पत्रा तीनचाच होता. चोवीस वर्षांत काकांनी मापात केलेला हा पहिला खोटेपणा असावा. एकोणिसाव्यात मात्र त्यांनी ‘नाही’वर खूण केली. ‘आहे’ लिहिलं तर कारण विचारतात, आणि त्या कागदाची प्रतही घरच्या पत्त्यावर जाते.

आता निवृत्तीला महिना उरलाय. टेप ताणून तपासलेली घरं एकशे तीस झालीत. त्यांत पंधरा कपाटं कागदावर वाईट निघाली. परवा काकांनी विचारलं, “हाच हिशेब जुन्या सहा हजारांना लावला तर?”

“असं सरसकट लावता येत नाही, काका. नमुना लहान आहे.”

“झालं! तुम्हीपण नियमाप्रमाणे बोलायला लागलात.”

मग मी आकडा सांगितला. सातशेच्या आसपास घरं. रकाना अजून स्वच्छ आहे. माझ्या जागी उद्या कोणी येईल आणि त्यालाही तिथे ‘नाही’शिवाय काही दिसणार नाही.

त्या शिक्षिकेच्या शाळेच्या फाटकापर्यंत काका दोनदा जाऊन आले. मधल्या सुट्टीची घंटा झाली, मुलं बाहेर आली, त्या दिसल्यादेखील. दोन्ही वेळा हे रस्ता ओलांडून परत.

“माफी मागायचीय ना? मग मागा की,” मी म्हटलं.

“मागीन. पण त्याआधी एक विचारायचंय. तिने ती खूण पाहिली आणि नाही म्हणाली. म्हणजे माझ्या तोंडाकडे बघून तिने काहीतरी ठरवलंच असणार ना?” काकांनी टेपचं टोक बाहेर ओढलं, सोडलं, ते सर्रकन आत गेलं. “त्या दिवशी ती ‘आहे’ म्हणाली असती, तर मी तो फॉर्म फाडून नवा घेतला असता, की त्या म्हातारीला हसलो तसा हसलो असतो?”