एका रविवारात काढलेला पूल

हसणार असाल तर आधी तो चहा संपवा. बशीतला चहा शर्टावर सांडला की घरी बोलणी तुम्हाला बसतील, आणि नाव माझं निघेल.

तर माझी फजिती झाली ती एका क्रियापदामुळे. खरं सांगतोय! शाळेत मराठीच्या तासाला मी खुशाल झोपा काढल्या, त्याचा सूड मराठीनं पुढं भर ओढ्यात, सगळ्या गावादेखत उगवला.

नव्वदचं दशक होतं. बारामतीत स्टँडच्या मागच्या गल्लीत माझा फोटो स्टुडिओ होता, आजही आहे. आजोबांनी मेंढरं राखली, वडिलांनी शेती केली आणि मी कॅमेरा धरला. पासपोर्ट साइझ, लग्नं, बारशी, एमआयडीसीतल्या कामगारांचे गेटपासचे फोटो, यावर घर चालायचं. पण आतून मी कलावंत होतो हो! अख्खं जग रंगीत फोटोंच्या मागं धावत होतं आणि मी ब्लॅक अँड व्हाइटचे रोल शोधत पुण्याला चकरा मारत होतो.

त्यातच तिकडं इंदापूरच्या बाजूला हायवेवर नवा उड्डाणपूल झाला. खांबांवर उचललेला रस्ता आमच्या भागात तोवर कुणी पाहिला नव्हता. लोक पुलावरून एसटीनं जाऊन यायचे आणि खूश व्हायचे. मी पुलाखाली गेलो आणि येडा झालो. वर काळी कड, खाली काळी सावली, मधून आभाळाची पांढरी पट्टी. एका रविवारी सकाळी मी त्या पुलाखाली सरळ पाठीवर आडवा झालो आणि अख्खा रोल संपवला. एक मेंढपाळ येऊन मला पाणी पाजायला बघत होता. त्याला वाटलं, पाव्हण्याला फीट आली.

फोटो काय आले म्हणता! खांब नाही, गाडी नाही, माणूस नाही. नुसत्या काळ्या-पांढऱ्या रेघा आणि त्रिकोण. आईनं बघितले आणि विचारलं, रोल खराब निघाला का रे?

आता याच काळात माझं लग्न जमत नव्हतं. स्थळं यायची, मुलगा फोटोवाला आहे कळलं की परत जायची. 'फोटोवाला' म्हणजे लग्नात जेवायला मिळतं एवढीच लायकी, असा समज होता. मी वरून हसायचो, पण खरं सांगू? फार लागायचं.

आमच्या आत्याचे यजमान, तात्या, यांनी मग माझं लग्न अंगावर घेतलं. अंथुर्ण्यात त्यांच्या ओळखीचे आबा होते, उसाचे मोठे बागायतदार, कारखान्याचे सभासद. त्यांची मुलगी सुनंदा, बारामतीच्या कॉलेजात पदवी झालेली. तात्या माझा फोटो न्यायला दुकानात आले. आणि काय विचारता, जगाचे फोटो काढणाऱ्याकडं स्वतःचा एकही धड फोटो नाही! मग मला अवदसा आठवली. मी तात्यांच्या हातात पुलाचे फोटो ठेवले आणि म्हणालो, थोबाड काय बघायचं तात्या, माणसाचं काम बघावं.

तात्या बिचारे सरळमार्गी. त्यांनी अंथुर्ण्यात जाऊन सांगितलं की पोराचा बारामतीत स्वतःचा व्यवसाय आहे, आणि हायवेवरचा तो पूल आमच्या पोरानंच काढलाय.

काढलाय! आलं का लक्षात? आमच्याकडं विहीर काढतात, कालवा काढतात, रस्ता काढतात. आणि फोटोही काढतातच.

दुसऱ्याच दिवशी निरोप आला, मुलगी बघायला या. पहिल्या खेपेला घरची मोठी माणसं न्यायची नाहीत असा तात्यांचा दंडक, म्हणून आम्ही दोघंच गेलो. तात्यांना आबांच्या भावानं बाहेर ओसरीवरच उसाच्या गप्पांत अडकवलं. मी आत बैठकीत. समोर आबा, त्यांच्या शेजारी गावातले एक वयस्कर गृहस्थ सुपारी कातरत बसलेले, आणि मधे सतरंजीवर माझे फोटो मांडलेले. काय सांगू, माझी छाती फुगली. इतकी वर्षं आपण पुण्यामुंबईकडं डोळे लावून बसलो आणि कलेची जाण अंथुर्ण्यात निघाली!

आबांनी एक फोटो उचलला. "पाव्हणं, ह्यो पूल तुमीच काढला म्हनं?"

"होय आबा, मीच."

"येकट्यानं?"

"एकट्यानंच. शेजारी कुणी असलं की मला सुचत नाही."

"दिस किती लागलं?"

"दिवस कसले आबा? रविवारी सकाळी गेलो, दुपारच्या आत काढून मोकळा. ऊन डोक्यावर आलं की पुलात जीव राहत नाही."

सुपारी कातरणारा अडकित्ता थांबला. आबांनी माझ्याकडं पाहिलं, मग फोटोकडं, मग परत माझ्याकडं.

"जरा वाकडा वाटतोय ह्यो."

"मुद्दाम वाकडा काढलाय. सरळ पूल कुणीही काढेल. मी झोपून काढतो, पाठीवर."

आता मी रंगात आलो होतो. कुणी न विचारताच पुढचं सगळं सांगत सुटलो. पूल आधी लहानच काढायचा, मग हवा तेवढा मोठा करता येतो. काढला की घरी न्यायचा, रात्री अंधार करून न्हाणीत धुवायचा, धुतल्याशिवाय तो दिसतच नाही. मग दोरीवर वाळत घालायचा. आईची त्या वासावरून कटकट असते, पण धंदा म्हटलं की चालायचंच. आणि हो, मी जास्त करून ब्लॅकमध्येच काम करतो, खरी मजा त्यातच आहे.

एवढ्यात सुनंदा पोहे घेऊन आली होती. मी 'दोरीवर वाळत घालायचा' म्हणालो आणि तिनं पदर तोंडाला लावला, ताटली तशीच ठेवली आणि घाईनं आत गेली. मी मनात म्हटलं, किती लाजाळू आहे मुलगी! त्या एका नजरेत ती मला आवडून गेली. पुरती आवडली. आता हे स्थळ हातचं गेलं तर आपण पुन्हा कुठं बघायला जायचं नाही, असं मी पोहे खाता खाता ठरवून टाकलं.

तुम्ही म्हणाल, एवढं बरळल्यावर आबांना कळलं कसं नाही? मीही पुढं त्यांना विचारलं. तर त्यांनी सगळं बरोब्बर लावून घेतलं होतं. मोठा ठेकेदार झोपूनच काम करतो, हे त्यांना पटलं. धुवायचं म्हणजे नव्या काँक्रीटला पाणी मारायचं. लहान काढून मोठा करायचा म्हणजे रुंदीकरण. घरी न्यायचा म्हणजे पुलाचा नकाशा. अंधारात आणि ब्लॅकमध्ये, यात तर त्यांना समजावून सांगण्यासारखं काहीच नव्हतं. फक्त दोरीवर वाळत घालणं त्यांना उमगलं नाही, पण बडा माणूस, विचारायचं कसं? म्हणून गप्प बसले.

निघताना आबांनी माझा हात हातात घेतला. म्हणाले, "पोरीनं व्हय म्हनलंय. आता येकच इनंती. आमच्या वढ्यावर बी येक काढून द्या."

मी तर विरघळलो. सासऱ्यानं जावयाकडं काय मागावं, तर ओढ्याचा फोटो! म्हटलं, "एक कशाला आबा, चार काढतो. चारी अंगांनी."

"चार नगं. येकच, पर टिकाऊ."

"नातवंडं बघतील असा काढतो."

"आन् सामान काय काय आनून ठिवू?"

"काही नको. सगळं सामान माझ्या पिशवीत असतं."

आबांच्या डोळ्यांत पाणी आलं. पावसाळ्यात त्या ओढ्यानं गावाची पोरं चार-चार दिवस शाळेला मुकायची. दर निवडणुकीला कुणीतरी पुलाचं वचन द्यायचं, आणि हा जावई येत्या रविवारी पिशवीतनं पूल आणतो म्हणत होता. मला यातलं काय ठाऊक? मला वाटलं, कला माणसाला रडवते ती अशी.

रविवारी सकाळी मी स्कूटर काढली. बारामती मागं टाकली, अंथुर्ण्याजवळ आलो आणि लांबूनच हलगी ऐकू आली. ओढ्याच्या काठाला मांडव. धुतलेल्या टोप्या घालून अख्खं गाव हजर. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत वाळू, दगड, सिमेंटच्या गोणी. आबांनी 'काही नको' मनावर घेतलं नव्हतं. पाट मांडलेला, हळद-कुंकू, नारळ. तात्या फेटा बांधून मधोमध उभे. मी म्हटलं, फोटोचा एवढा मान? अहो, कुठल्या गावात होतो एवढा मान?

माझ्या हातून नारळ फोडून घेतला. चार शब्द बोला म्हणाले, तर मी बोललोही! मी साधा माणूस आहे, जिथं जातो तिथं मनापासून पूल काढतो, आज तुमच्या ओढ्याची सेवा करायची संधी मिळाली, वगैरे. टाळ्या पडल्या. कुणीतरी गळ्यात हार घातला.

मग मी तिकाटणं उघडून त्यावर कॅमेरा बसवला. गाव एक पाऊल मागं सरकलं. मोजणीवाले लावतात तसलीच दुर्बीण त्यांना वाटली. मी पँट वर करून ओढ्यात उतरलो. हाराची फुलं पाण्यात तरंगायला लागली. चिखलात एक गुडघा टेकला, वर पाहिलं, खाली पाहिलं, डावीकडं, उजवीकडं. काही केल्या जमेना. शेवटी मीच ओरडून विचारलं, "आबा, ओढा छान आहे. पण पूल कुठाय?"

हलगी थांबली.

आबा काठावर आले. "पूल?"

"हो. काढायचा तो."

"पाव्हणं," आबा अगदी हळू म्हणाले, "पूल असता तर तुमाला कशाला बोलावलं असतं?"

माझ्या डोक्यात सगळं एकदम फिरलं. वाळू, दगड, सिमेंट, नारळ, आबांच्या डोळ्यातलं पाणी. मी तिथंच दुसरा गुडघाही टेकला. चाचरत सांगितलं, आबा, मी पूल काढला म्हणजे फोटो काढला. मी फोटोवाला आहे. मला साधी न्हाणीची मोरीसुद्धा बांधता येत नाही.

तात्यांनी हळूच फेटा सोडायला घेतला. आबांचा चेहरा आधी पांढरा झाला, मग काळा. मी चिखलात बसून एकच विचार करत होतो, गेली, सुनंदा गेली. गाव हसेल त्याचं मला काही वाटत नव्हतं हो. ती गेली याचं रडू येत होतं.

तेवढ्यात बायकांच्या घोळक्यातून सुनंदाच पुढं आली. म्हणाली, "आबा, मला पयल्या दिवशीच ठाऊक हुतं."

आबा गर्रकन वळले. तिनं शांतपणे सांगितलं की कॉलेजात प्रवेश घेतला तेव्हा ओळखपत्राचा फोटो तिनं माझ्याच दुकानात काढला होता. तिनं मला बघताक्षणी ओळखलं. मी काही तिला ओळखलं नाही. आणि मी स्वतःला नजरेचा माणूस म्हणवत होतो!

"मंग बोलली का न्हाईस?" आबा गरजले.

"तुमी इचारलं कुठं, मुलगा काय करतो म्हनून? पूल किती दिसांत काढला, ह्येच इचारत बसला. आन् हे इतकं रंगून सांगत हुते, मला मधी तोडवंना."

आबांनी माझ्याकडं बोट केलं. "म्हंजी ह्येला पूल येत न्हाय. बरं. फोटो तरी धड येतो का?"

माझा जीव कानात गोळा झाला. सुनंदानं मला एकदा नीट न्याहाळलं.

"न्हाय," ती म्हणाली. "माझं डोळं मिटल्यालं आलं हुतं. अख्खं कालेज मी तेच वळखपत्र दावत हिंडले."

"पूल न्हाय, फोटो न्हाय! मंग पोरी, काय बघून व्हय म्हनलीस ह्येला?"

"बघितलं कुठं आबा? डोळं मिटल्यालंच हुतं की माझं."

मग पहिले आबा हसले. पोट धरून, ट्रॉलीला टेकून हसले, आणि मग सगळा ओढा हसायला लागला. ते सुपारीवाले गृहस्थ म्हणाले, नारळ फुटलाच हाय, आता सुपारी बी हितंच फोडून टाका. आणि खरंच फोडली, त्याच मांडवात. त्या वाळू-सिमेंटातून आबांनी शाळेच्या पोरांना ओढा ओलांडता यावा म्हणून चांगला रुंद सांडवा बांधून घेतला. जावयाला त्यापासून लांब ठेवा, अशी गवंड्याला सक्त ताकीद होती.

त्या दिवशी मी चिखलात असताना काठावर तात्यांनी माझ्या कॅमेऱ्याशी चाळा केला आणि त्यांच्या हातून खटका दाबला गेला. तात्यांनी जन्मात कॅमेऱ्याला हात लावला नव्हता. गळ्यात हार घालून चिखलात बसलेला मी, आणि काठावर खळखळून हसणारी सुनंदा, काळ्या-पांढऱ्यात, डोळे टपोरे उघडे. तोच फोटो मोठा करून दुकानात दर्शनी भागात लावलाय. गिऱ्हाईक येतं, तो बघून थांबतं, काय फोटो आहे हो साहेब, हात आहे तुमचा, म्हणतं. मी नम्रपणे मान झुकवणार, तेवढ्यात आतल्या खोलीतून सुनंदा खोकते.