मामांच्या गाडीतलं तेल

आमच्या मामेसासऱ्यांइतका तेलावर जीव असलेला माणूस अख्ख्या नाशिक जिल्ह्यात दुसरा सापडायचा नाही, आणि त्यांचा जेवढा अपराधी मी आहे तेवढा दुसऱ्या कुणाचाही नाही. पहिली गोष्ट आमच्या सगळ्या नातेवाइकांना ठाऊक आहे. दुसरी बरेच दिवस फक्त मला ठाऊक होती.

मामा म्हणजे माझ्या बायकोचे सख्खे मामा. एकलहऱ्याच्या वीज केंद्रात उभी हयात यंत्रांच्या तेलपाण्यात गेली. निवृत्त झाल्यावर माणसं देवळात रमतात, नातवंडांत रमतात. मामा आम्हा सगळ्यांच्या मोटारसायकलींत रमले. कुणीही भेटायला गेलं की चहाच्या आधी गाडीची तेलपट्टी, म्हणजे इंजिनातलं तेल मोजायची पट्टी, बाहेर यायची. मामा तिच्यावरचा थेंब अंगठ्यात आणि बोटात चोळायचे, नाकाशी न्यायचे, मग जुन्या कॅलेंडरच्या पानावर टिपायचे. थेंबाभोवती पसरलेलं कडं बघून माणसाचा स्वभाव सांगायचे. दुसऱ्या एका भाचीला बघायला आलेल्या मुलाला त्यांनी पगार विचारला नाही, शिक्षण विचारलं नाही, "गाडीत कुठलं तेल घालता?" एवढंच विचारलं. तो बिचारा म्हणाला, "गॅरेजवाला घालेल ते." पाहुणे गेल्यावर मामांनी निकाल दिला, "मुलगा वाईट नाही, पण बेफिकीर आहे." स्वयंपाकघरातून मामी म्हणाल्या, "तीन दिवस झाले घरातलं शेंगदाण्याचं तेल संपलंय. ती बेफिकिरी कुणाची?"

दुकानात तर मामा म्हणजे संकटच. खिशातून भिंग काढायचे आणि डब्याच्या मागची बारीक अक्षरं वाचत बसायचे. त्यांना त्यात 'एमए' ही मोटारसायकलच्या तेलाची खूण असलेली दोन अक्षरं हवी असत. एकदा दुकानदार कंटाळून म्हणाला, "मामा, हे घ्या ना, कारचं आहे, एक नंबर. लोण्यासारखी पळेल गाडी."

"लोण्यासारखी पळायला नकोय मला," मामा म्हणाले. "क्लच लोण्यासारखा झाला तर गाडी जाईल का पुढे?"

आणि मग तिथेच, मागे गिऱ्हाइकं खोळंबलेली असताना, त्यांनी त्याला समजावलं. कारचा क्लच कोरडा, वेगळा बसतो. मोटारसायकलचं तसं नाही. तिचं इंजिन, गिअर आणि क्लच एकाच तेलात नांदतात. इंजिनाला घसरायचं असतं आणि क्लचच्या प्लेटांना एकमेकींना घट्ट पकडायचं असतं. एकाच ताटात पथ्याचा माणूस आणि पैलवान जेवायला बसल्यासारखं. कारच्या तेलात घसरण वाढवणारं औषध असतं. इंजिन खूश होतं, प्लेटा सुटतात. "तेल महाग आहे की स्वस्त, हे नका बघू," ते म्हणाले, "कुणाच्या पोटात जाणार आहे ते बघा." मी तेव्हा शेजारीच उभा होतो. ऐकलं सगळं. म्हणजे मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोयसुद्धा मला राहिलेली नाही.

मामांनी घराण्यात एक रीत पाडली होती. खंडेनवमीला, शस्त्रपूजेच्या दिवशी, आम्हा सगळ्यांच्या दुचाक्या त्यांच्या जेल रोडच्या अंगणात यायच्या. मामा स्वतः प्रत्येकीचं जुनं तेल काढायचे, नवं घालायचे, आणि मगच झेंडूची माळ. तेल न बदललेल्या गाडीला त्यांनी कधी कुंकू लावू दिलं नाही. "पोटात काळं आणि गळ्यात माळ, हे ढोंग मला नको," असं त्यांचं म्हणणं.

एका वर्षी नेमकं नवरात्राच्या तोंडावर त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. वाकायचं नाही, धुळीत जायचं नाही. बाकीच्यांना त्यांनी गॅरेजची वाट दाखवली, पण स्वतःची गाडी माझ्या हवाली केली. काळा चष्मा लावून आत खाटेवर बसले आणि म्हणाले, "जावईबापू, डबा कपाटात आहे. तुमच्याशिवाय कुणाला हात लावू देणार नाही."

मी जुनं तेल काढलं, बोल्ट घट्ट केला आणि झाकण उघडलेला नवा डबा माझ्या हातून निसटला. बघता बघता सगळं तेल फरशीवर. दुकान दोन चौकांवर होतं. मला जाता आलं असतं. आत जाऊन "मामा, सांडलं" एवढं सांगता आलं असतं. पण 'तुमच्याशिवाय कुणाला नाही' हे वाक्य ताजं होतं, आणि ते इतक्या लवकर खोटं ठरावं हे मला सोसेना. माझ्या कारच्या डिकीत उरलेलं तेल होतं, चांगल्यातलं, महागाचं. ते मी ओतलं. फरशीवर माती टाकून झाडून घेतलं. आतून मामांनी विचारलं, "झालं का हो?"

"झालं," मी म्हणालो.

कोजागिरीची गर्दी ओसरली की मामा दरवर्षी मामींना मागे बसवून वणीच्या गडावर जात. त्या वर्षीही डोळा बरा झाल्यावर गेले. सपाटीला गाडी नीट चालली. नांदुरीचा घाट लागला आणि इंजिन नुसतं ओरडायला लागलं, चाक काही जोर धरेना. मामी म्हणाल्या, "अहो, तुम्ही क्लच दाबून धरताय." मामांनी केबल सैल केली, पुन्हा बसले, पुन्हा तेच. अर्ध्या घाटातून दोघं परत फिरली. दुसऱ्या दिवशी ओळखीच्या मेकॅनिकनं सपाट गल्लीतून एकट्यानं फेरी मारली आणि सांगितलं, "गाडी एकदम टकाटक हे, मामा. हात जड झालाय तुमचा."

मी भेटायला गेलो तेव्हा मामा डाव्या, क्लचच्या हाताकडे बघत बसले होते. "बोटं पूर्ण उघडत नसणार," ते म्हणाले. "मला कळतही नाही. तेलाची शंका घ्यावी, तर तेल मी निवडलेलं आणि तुम्ही घातलेलं."

मी चहा प्यायलो. कपबशी मोरीत नेऊन ठेवली. घरी आलो.

त्यानंतर गाडीवर गोणपाट पडलं. मामांनी आमच्या तेलपट्ट्या तपासणं सोडलं. मी दर महिन्याला सांगायचं ठरवून जायचो आणि हवापाण्याचं बोलून यायचो. पुढची खंडेनवमी आली. अंगणात एकही गाडी नव्हती. मामा खुर्चीत बसून स्क्रू-ड्रायव्हरना कुंकू लावत होते. ते बघून मात्र मला राहवेना.

"मामा, तुमच्या गाडीत तुमचं तेल नाही. ते माझ्या हातून सांडलं. मी कारचं घातलं."

 मामांनी डावा हात वर धरला. मूठ मिटली, उघडली, पुन्हा मिटली.

"म्हणजे हात बरा आहे?"

"बरा आहे."

"वर्षभर मी डाव्या हातानं पाण्याची बादलीसुद्धा उचलली नाही हो," ते म्हणाले, आणि हसले. रागावले असते तर मला बरं वाटलं असतं. दारात उभ्या असलेल्या मामींनी पदर तोंडाला लावला. "मीच म्हणाले होते ना, दाबून धरताय म्हणून."

मग मामांनी मला विचारलं, "सांडतं हो. माझ्या हातून पिंपं सांडलीत. पण सांगायला काय झालं होतं?" मी गाडीवरचं गोणपाट ओढून काढलं.

क्लचच्या नव्या प्लेटा आणल्या, दिवसभर योग्य तेलात बुडवून ठेवल्या, आणि मामांनी स्वतः बसवल्या. कोजागिरी झाली. पण मधल्या वर्षात मामींचे गुडघे गेले होते. फाटकापर्यंत आल्या, गाडीच्या सीटवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "मला नाही आता चढवत. जावयांना न्या."

मी मागे बसलो. मामा पंच्याहत्तरीचे, मी पन्नाशीचा. घाट लागला. गाडीनं दुसऱ्या गिअरमध्ये असा जोर धरला की मामांची पाठ ताठ झाली. एकही आचका नाही, इंजिनाची एक ओरड नाही. खाली दरीत ऊन उतरलं होतं. एका अवघड वळणाच्या आधी त्यांनी वेग कमी केला आणि मान जराशी मागे कलवून सवयीनं विचारलं, "नीट धरून बसलीस ना गं?"

मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि नीट धरून बसलो.